टाकीचं झाकण गाडीखाली होतं

प्रिय चिऊ,

आज नानांच्या अंगणातला पाण्याचा टब मी लाथेनं उलथून टाकला. का, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले.

नाना म्हणजे आपले घरमालक गं. तुला खांद्यावर घेऊन म्हशी दाखवायचे, तेच! नवी गाडी आत घेता यावी म्हणून जमिनीतल्या टाकीचं लोखंडी झाकण त्यांनी काढून गटारावर टाकलं आणि टाकीवर ताडपत्री अंथरली. मी म्हटलं होतं, "नाना, पोर चालतीया आता." तर म्हणे, "दोन दिस थांब की, फरशी आणतोय." दोन महिने झाले तरी फरशी आली नाही.

तुला अंगणात खेळत ठेवून तव्यावरची भाकरी उलटायला मी आत गेले. एकच भाकरी गं! बाहेर आले, तर ताडपत्री मधोमध खचली होती.

आणि तू गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांसमोर हेच नाना म्हणाले, "आईचं ध्यान नको व्हय लेकराकडं?" तुझे बाबा खाली मान घालून बसले. त्यांनाही मी अजून सोडलेलं नाही. वर्षभर मी देवाकडे एकच मागत होते, नानांच्याही घरात असंच होऊ दे.

आज त्यांची नात गडहिंग्लजहून आली होती. जेमतेम वर्षाची. अंघोळीचं पाणी उन्हात तापत ठेवून सून टॉवेल आणायला आत गेली. पोरगी टबाला धरून उभी राहिली, वाकली. मी जिन्यात होते. खोटं कशाला सांगू? मी थांबले. कळू दे म्हाताऱ्याला, म्हटलं!

तिचं तोंड पाण्यात गेलं. मग मी कशी पोहोचले, आठवत नाही. उचलली आणि लाथेनं टब उलथला. खोकली, आणि काय रडली गं ती!

नाना धावत आले. मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वीतभर पाणी पुरतं, नाना. त्यासाठी आई वाईट असावी लागत न्हाय!" त्यांनी हात जोडले. मी पाठ फिरवली. माफी? आता? सुनेला मात्र एक अक्षर बोलले नाही.

आता त्या पोरीच्या दर वाढदिवसाला मी त्यांच्या घरी जाणार, तिला ओवाळणार आणि नानांच्या डोळ्यांत बघत बसणार. तोंड चुकवू देणार नाही, जन्मभर!

पण ते जिन्यात थांबणं कुणाला ठाऊक नाही, फक्त तुला. पुन्हा कुणाचं लेकरू पाण्याजवळ दिसलं, वैऱ्याचं का असेना, तर मी आधी धावेन, मग भांडेन. शब्द देते.

तुझी,
आई