आबांची लाइन

३ फेब्रु., सोम.
आबा गेले. डीआयपीच्या औद्योगिक वसाहतीत, वर्कशॉपवर पडद्यांचे रोल उतरवून घेत होतो, तेवढ्यात त्यांच्या पुतण्याचा, शिरीषचा व्हॉइस मेसेज. रडत होता. पण नव्या सेक्रेटरीची मीटिंग रविवारी आहे, हे सांगायला विसरला नाही.
इचलकरंजीत आमच्या लाल बावटा युनियनचे आबा कायमचे सेक्रेटरी. त्यांच्या शब्दावर संप केला, माग बंद पडले, म्हणून मी दुबईत.

५ फेब्रु.
आबांची लाइन: मालकांशी बोलणी नाहीत. शिरीष म्हणतो, तीच पुढे, जशीच्या तशी. अंगणवाडीवाल्यांच्या सुलभाताई, त्याही आमच्यातल्याच, म्हणतात, माग निम्मे उरले, आता तरी बसून बोला. सेक्रेटरीपदाला हे दोघंच, आणि दोघांनाही मी हवाय. डिसेंबरात आबा पंधरा दिवस माझ्याकडे होते ना, इथल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटवर. दोघंही विचारतात, काय बोलले?

६ फेब्रु.
बोलले होते. बाल्कनीत, चहा घेताना. "दत्तू, त्या संपात मी चुकलो. बोलायला हवं होतं. मी गेल्यावर सगळ्यांना सांग. माझ्या तोंडून निघत नाही."
मी विचारलं, चहात साखर कमी झाली का.
आज पोरीला सांगितलं. लॅपटॉपमधून मान वर न काढता, "सो टेल देम, बाबा."
सोपंय. हिलाच लहानपणापासून तो संप छाती काढून सांगितलाय. तो चुकला, तर मग मी इथे कशासाठी

९ फेब्रु., रवि.
झूमवर मीटिंग. कानात इयरफोन, इथे युनियनला बंदी, असलं मोठ्यानं ऐकत नाहीत. शोकठराव, दोन मिनिटं उभे. मग सुलभाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "दत्ताभाऊ, आबा काही बोलले का?"
म्हटलं, तब्येतीचंच.
शिरीष सेक्रेटरी, आबांची लाइन कायम. आपल्यात ठराव एकमतानंच, आणि एकदा हात वर गेला की बाहेर त्यावर चकार शब्द नाही. माझा वर. सुलभाताईंचाही, सगळ्यांत शेवटी. खलास.

१० फेब्रु.
सुलभाताईंचा मेसेज: "संपात चुकलो, असं आबा मलाही म्हणाले होते. दत्तूलाही सांगितलंय म्हणाले. मी एकटीनं काढलं असतं तर खुर्चीसाठी बोलते, असं लोक म्हणाले असते. म्हणून तुम्हाला विचारलं. लाल सलाम."
वाचल्याच्या निळ्या खुणा तिकडे गेल्या असणार. सकाळपासून तीनदा लिहून पुसलं. आत्ता एवढंच आहे:
ताई, मी