सात नंबरचा झगा

३ मार्च, रविवार. दुपार.
आज अभिषेक झाला. पाळकांनी कपाळावर तेल लावलं. रांगेत आणखी अडतीस जण होते, पण अंगठा माझ्याच कपाळावर जास्त वेळ टेकला. मी मोजत होतो. उपदेशात म्हणाले, अभिषेक चर्चच्या पायरीवर ठेवून जाऊ नका. घरी न्या, कामावर न्या. माझ्याकडे बघूनच म्हणाले.
अभिषेकातून मला कोणतं दान मिळालं ते जेवताना समजलं. माणसाच्या आतलं ओळखण्याचं. ताईने वाढताना नजर चुकवली, तेव्हाच.
निश्चय : रागवायचं नाही. तेल जाऊ नये म्हणून डोकं धुवायचं नाही. आणि पुढच्या रविवारी तिला विचारायचंच. ती म्हणजे गायनमंडळातली, डावीकडून सातवी.

४ मार्च, सोमवार.
भावोजींच्या लाँड्रीत अभिषिक्त म्हणून पहिला दिवस. एक गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं. कॉलर जळली म्हणे. त्याच्या डोळ्यांत बघितलं. लबाड. स्वतःच जाळून आलाय हे ओळखलं आणि शांतपणे तसं सांगितलं. शेजारचा चांभार धावत आला, म्हणजे आवाज जरा चढला असावा. मग भावोजींनी माझी इस्त्री उलटी करून दाखवली. तळाला कोटाचं कापड चिकटलेलं. भावोजींवर माझा आधीपासून संशय होताच.
रागावलो नाही. हँगर फेकला, तोही रिकामा.

५ मार्च, मंगळवार.
ताई म्हणाली, तुझ्या उशीत वात खोचली तर आठवडाभर दिवा जळेल, डोकं धू. विरोध घरातूनच सुरू होतो.
गायनमंडळाचे चौदा झगे धुवायला आले. कॉलरच्या आत नंबर शिवलेले. ती डावीकडून सातवी, म्हणजे सात नंबर तिचा. कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून गणित सोडलेलं नाही. धुण्याआधी खिसे तपासायचे, हा लाँड्रीचा नियम. सात नंबरच्या खिशात चिठ्ठी : ‘शुक्रवारी सहाला, पियानोच्या खोलीत. कुकरला कळू देऊ नकोस, उकळेल.’
कुकर म्हणजे मी. सगळं चर्च तसं म्हणतं; कारण अजून समजलेलं नाही.
चिठ्ठी चर्चमधल्या ड्रमवाल्याचीच. गरज नसताना झांज वाजवतो आणि तिच्याकडे बघतो.

६ मार्च, बुधवार.
ड्रमवाल्यावर पाळत. दूधवाल्याच्या दुकानापाशी ताईशी बोलत होता. मला बघून दोघं गप्प. मग त्याने विचारलं, काय, बरा आहेस ना. माझी चौकशी कशाला हवीय याला? ताई म्हणाली, तुझीच आठवण काढत होतो. खोटं बोलताना ताईचा डावा कान लाल होतो. आज झाला नाही. म्हणजे तयारी करून आली होती.

७ मार्च, गुरुवार.
झगे धुऊन, इस्त्री करून तयार. भावोजी चहाला गेल्यावर सात नंबरवर, बरोबर छातीवर, कपाळ टेकवून प्रार्थना केली. माझा अभिषेक तिच्यात उतरावा, ड्रमवाल्यापासून तिचं रक्षण व्हावं. चांगली दहा मिनिटं. झग्यावर किंचित चमक आली. खूण समजून घडी घातली.

८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
सहाला गेलो. दाराला लाथ घातली. दार उघडंच होतं, त्यामुळे थेट मोठ्या ड्रमवर पडलो. उठता उठता सगळं बोलून घेतलं. चोर, ढोंगी, चिठ्ठीबहाद्दर. त्याच दमात तिला विचारायचं होतं तेही विचारून टाकलं.
मग बघितलं. ती, ड्रमवाला, ताई, पाळक, चौघं गुडघ्यांवर. ड्रमवाल्याचे डोळे ओले. ताई म्हणाली, तो तुझंच नाव घेऊन मागत होता. याचा राग उतरू दे, याला कॉलेजात परत जाऊ दे.
ती ड्रमवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, चिठ्ठी मी लिहिली होती, याला. मी म्हणालो, मग तुझ्या खिशात कशी? ती म्हणाली, माझा नंबर अकरा. सात याचा.
मग ती हळूच म्हणाली, आणि तू जे विचारलंस ना, त्याचं उत्तर नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.
पाळक म्हणाले, आलाच आहेस तर टेक गुडघे. टेकले. ड्रमवाल्याने सरकून जागा दिली.

१० मार्च, रविवार.
झगा भावोजींनी काल तीनदा धुतला. छातीवरचा डाग जात नाही. ड्रमवाला तोच घालून ड्रमवर बसला. एका मावशींनी विचारलं, हे काय रे? म्हणाला, आशीर्वाद आहे, लाँड्रीतून मिळाला. उपासनेनंतर त्याने मला मिठी मारली. तो उंच. माझं कपाळ नेमकं डागावर टेकलं. त्याच्या आतलं ओळखायचा प्रयत्न केला. काही लबाडी सापडेना.
ती आज डावीकडून पाचवी उभी होती. जागा दर रविवारी बदलतात म्हणे.
घरी येऊन डोकं धुतलं. पहिल्याच धुण्यात सगळं तेल गेलं. ताईने कॉलेजचा फॉर्म टेबलावर ठेवला. तो तिच्याकडे कधीपासून होता, विचारलं नाही.
संशय आता एकाच माणसावर उरला आहे. नाव लिहीत नाही. ही वही कोणाच्या हाती लागली, तर कसलंही दान नसताना ओळखेल.