मर्यादेच्या आत

६ नोव्हें. २००६, सोम. अकोला

प्लँटवर मीटर आलं एकदाचं. दोन वर्षं मागत होते. सरकीच्या ढेपेतलं उरलंसुरलं तेल आम्ही हेक्झेनने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने, काढतो. त्याची वाफ हवेत किती, हे आजवर नाकानेच मोजलं. मॅनेजरसाहेबांनी नारळ फोडला, वर मलाच टोमणा, "घ्या केमिस्टबाई, झालं समाधान?" आठ तासांच्या पाळीला किती वाफ चालते, तो आकडा लाल रंगात खांबावर लावलाय. आमची पाळी बारा तासांची. तरी टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. मीही.

९ नोव्हें., गुरु.

सलीमभाईंची चप्पल जिन्यातच राहिली, ते तसेच अनवाणी वर आले. पत्ताच नाही. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. तेल्हाऱ्याचे, घराणं पिंजाऱ्यांचं. कापूस पिंजायचं काम बसलं म्हणून इथे. "ताई, पायात चप्पल हाय का नाई, हे मले आता खाली पाहूनच समजते." हसून सांगत होते. शर्टाची बटणंही बायको लावून देते म्हणे. मला नाही हसू आलं.

१३ नोव्हें., सोम.

कंपनीच्या डॉक्टरांनी सलीमभाईंना 'शुगर असेल' म्हणून वाटेला लावलं होतं. शुगर नॉर्मल! शेवटी मीच रजा टाकून अमरावतीला नेलं, नसांच्या डॉक्टरांकडे. पायाच्या नसा गेल्यात, हाताच्या त्याच वाटेवर. "हेक्झेनमध्ये काम करता?" पहिला प्रश्न हाच. हवेत किती असतं ते कंपनीकडून लिहून आणा म्हणाले. परतताना एस.टी.त सलीमभाई, "मंग भरपाई भेटन ना ताई?" मी छातीठोक सांगितलं, भेटेल. मीटर आहे ना आता.

१६ नोव्हें., गुरु.

आठवडाभराचे आकडे काढले. सगळे मर्यादेच्या आत. निम्म्यालाही पोचत नाहीत.

"तुमचंच मीटर," साहेब म्हणाले. संतापाने रडूच आलं, तेही त्यांच्यासमोर. बाकीचे तिघे ऑपरेटर त्याच हवेत बारा बारा तास उभे, धडधाकट. मग सलीमभाईंनाच काहून?

१७ नोव्हें., शुक्र.

कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी नळाशी सलीमभाई. नमाजाआधी वजू करायची, म्हणजे हात कोपरापर्यंत, पाय घोट्यापर्यंत धुवायचे. पण त्याआधी कॅनमधलं हेक्झेन फडक्यावर घेऊन हातपाय खसाखसा पुसून काढत होते, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. तेलाचा थर राहिला तर पाणी कातडीला लागत नाही, आणि वजू होत नाही. पाळीत तीनदा. तीन वर्षं.

कॅनवर चिठ्ठी माझ्या अक्षरात. 'हातापायाचे तेल काढण्यासाठी.' साबणाने निघत नाही म्हणाले होते, आणि मी मोठ्या तोऱ्यात, हे घ्या, चुटकीसरशी निघेल. केवढी शहाणी मी! पुस्तकं वाचलेली बाई! मीटर टांगलंय खांबावर, ते हवा मोजतं. फडकं कोण मोजणार?

कॅन लॅबमध्ये कुलपात टाकला. त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुमी तं चांगल्यासाठीच देल्लं होतं ताई." त्यांनी शिव्या घालायच्या होत्या हो मला.

२० नोव्हें., सोम.

भरपाईचा फॉर्म. 'कारण' हा रकाना केमिस्टने भरायचा. कॅनचं सकाळीच साहेबांना सांगितलं, तर ते एकदम गोड, "लिहा की, कामगाराने परवानगी न घेता सॉल्व्हंट वापरलं. तुमचं नावही येणार नाही." तसं लिहिलं की भरपाई गेली. खरं लिहिलं की माझी नोकरी गेली, आणि तरी भरपाई मिळेलच, ह्याची खात्री नाही.

नफीसाभाभींचा फोन, सलीमभाईंच्या बायकोचा. "ताई, तुमच्या हातात हाय म्हनतेत. खरंच हाय का?"

गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतंच.

२१ नोव्हें., मंगळ.

फॉर्म पर्समध्येच. उद्या सकाळी दहाला द्यायचाय.

दुपारी सलीमभाई नळाशी, एका हाताने भिंत धरून. आज नुसता साबण. कितीतरी वेळ घासत होते. मग पायांवर तांब्याने पाणी घेतलं, आणि मला हाक मारली.

"ताई, जरा पाहा बरं. बोटाइत पानी पोचलं का? मले समजून नाई राह्यलं."

वाकून पाहिलं. पोचलं म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

भिंतीला धरून धरून गेले नमाजाला.

घरी येऊन फॉर्म काढला. 'कारण'समोर 'मी' एवढं लिहिलंय. पुढचं अजून लिहायचंय.