फर्नेसशेजारची खोली

२ नोव्हेंबर, ट्रॉय

अखेर स्वतःचं घर! भाड्याच्या घराला रामराम. आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. माझा उत्साह किती टिकतो ते बघू. घर जुनं, पण ऐसपैस. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. तळघरातल्या खोलीला वेगळं बाथरूम आहे, म्हणून ती त्यांनीच मागून घेतली. शेजारी फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीची खोली. घर तपासणाऱ्याने दोन गोष्टी बजावल्या: फर्नेसचा धूर बाहेर नेणारी चिमणी आतून ढासळते आहे, थंडीआधी साफ आणि दुरुस्त करून घ्या, आणि फर्नेसमागच्या भिंतीतली जाळी कधी झाकू नका, आग जळायला लागणारी हवा तिथूनच येते. माझ्या नवऱ्याने, शंतनूने, गंभीरपणे मान डोलावली आणि काम माझ्या गळ्यात घातलं.

८ नोव्हेंबर

वास्तुशांत झाली. गुरुजींना हाच शनिवार मोकळा होता आणि नेमका चिमणीवालाही आजच सकाळी यायचा होता. आई सोवळ्यात पुरण वाटताहेत आणि हा बूट घालून काजळी सांडत फिरतोय, ही कल्पनाच सहन होईना. त्याला कॅन्सल केलं. होमाच्या धुराने बोंबलू नयेत म्हणून घरातले धुराचे आणि विषारी वायूचे सगळे अलार्म काढून गराजमधल्या खोक्यात ठेवले. इथे सगळेच तसं करतात.

पाहुणे जेवत असताना शंतनूने विचारलं, यार उल्का, चिमणीचं झालं ना? तू गुरुजींना आणायला गेलास तेव्हा झालं, असं सांगून मोकळी झाले. चारचौघांत त्याचं लेक्चर कोण ऐकणार? सोमवारी फोन करीन.

१४ नोव्हेंबर

सोमवार गेला. बर्फ मात्र आला. शंतनू ऑफिसच्या कामाला टेक्ससला गेलाय. फर्नेसच्या दाराखालून गार झोत येतो म्हणून आई कुडकुडत होत्या. गोधडीची घडी करून फर्नेसमागच्या त्या जाळीत कोंबली. थोड्या दिवसांचा तर प्रश्न, असं मनाला सांगितलं. चिमणीवाल्याला आज फोन केला, पण तो पुढच्या गुरुवारी येतोय. शंतनू त्यानंतर, शुक्रवारी परतेल. त्याला पत्ताही लागणार नाही.

१७ नोव्हेंबर

दोघींची डोकी ठणकताहेत. आई म्हणाल्या, पाहुण्यांची दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुपारी देवळात गेलो तर दोघी ठणठणीत, घरात पाऊल टाकलं की पुन्हा मळमळ. या घराला आपण नको आहोत, असं आई म्हणाल्या. मी हसले. मी हसायला नको होतं.

१८ नोव्हेंबर

आई सांगतात, फर्नेसच्या दाराशी माणूस उभा असतो. काजळीने माखलेला. मी पाहिलं, कोणी नव्हतं.

जेवणानंतर मलाही दिसला. पायात बूट, खांद्यावर शिडी. सांगितल्या वेळी आलो, असं म्हणाल्यासारखं वाटलं—

शंतनूचा फोन. अलार्म परत लावलेस का? हो म्हटलं. खोकं अजून गराजमध्येच आहे. तोंडातून आपोआप गेलं.

१९ नोव्हेंबर

शोधून वाचलं. कार्बन मोनॉक्साइड, फर्नेसच्या धुरातला बिनवासाचा विषारी वायू. डोकेदुखी, मळमळ, भास. सगळं जुळतं. शेवटी अंग गुलाबी पडतं, असंही लिहिलंय. दृष्ट नाही, भूत नाही. धूर बाहेर जात नाही, हवा आत येत नाही. दोन्ही मी केलं.

फर्नेस बंद केली तर आई गारठतील. फायर ब्रिगेडला बोलावलं तर शंतनूला कळेल. एकच दिवस— उद्या चिमणीवाला येईल— आईंच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटते. लाज वाटते मला. तरी फोन उचलला नाही.

गोधडी तरी काढते. खिडक्या—

जिन्यावर बसले. उठवत नाही. जरा वेळाने.

२० नोव्हेंबर

खाली आईंच्या खोलीत आलेय. कशी, आठवत नाही. वही हातात आहे, फोन वर राहिला.

वर बेल वाजतेय. चिमणीवाला आला असेल. ओरडले— आवाज फुटत नाही. पायऱ्या फार—

बेल थांबली.

आईंचा हात माझ्या हातात आहे. गाल किती गुलाबी. बरं वाटतंय का, विचारलं. पुन्हा विचारलं. ओ देत नाहीत—

शंतनू, त्यांना काही ठाऊक नव्हतं रे. त्या फक्त म्हणाल्या गार लागतं. बाकी सगळं मी—

मीच त्या जाळीत