दोन दातांमधल्या जागेची वाटणी

चि. दुर्गेश, चि. सौ. मिनल, चि. सौ. सोनिका आणि लाडकी नात काजल,

आपल्या गल्लीतला स्वानंद वकील म्हणाला, "काकू, मृत्युपत्राची सुरुवात 'मी पूर्ण शुद्धीत आहे' अशी करायची असते." मी म्हटलं, माझी शुद्ध कुठं पळून चालली नाही. ज्यांना द्यायचं, त्यांची खबर आधी घेऊ दे.

मिनल, भिवापूरच्या मिरचीच्या ठसक्यानं तुझा खोकला वाढला की कमी झाला? सोनिका, टाच दुखायची ती कशी आहे? वाडीच्या तुमच्या खोलीचा जिना चढताना दम खाऊन चढत जा. काजल, दातांना तारा बसवल्यापासून तुला चिवडा खाता येत नाही म्हणे. आता जरा सोसतं का? आणि दुर्गेश, शुगर किती निघाली? खालची डावी बाजू अजून ठणकते का? खरं लिही. तू खोटं लिहिलंस तर सोनिका मला सांगतेच.

आता कायद्याचं. मी, देवकी गिरिधर निनावे, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार तांडापेठ, नागपूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि तोंडात स्वतःचे एकोणीस दात आहेत. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. उलट मीच कोणावर दाब आणते आहे का, असं स्वानंदनं दोनदा विचारलं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. सूत ज्या रद्दी पेपरात बांधून यायचं, त्यावर अक्षरं शिकले. ऱ्हस्व-दीर्घ स्वानंदचं, शब्द माझे.

कलम १. हातमाग केव्हाच मोडला. त्याची फणी राहिली आहे, ती मिनलला. काजलनं फणी पाहिलेली नाही, म्हणून लिहिते. मागावर एक लांब कंगवा असतो. त्याच्या प्रत्येक फटीला आम्ही घर म्हणतो, आणि ताण्याचा प्रत्येक उभा धागा आपापल्या घरातून ओवून घ्यावा लागतो. एक घर चुकलं की सबंध लुगड्यावर रेघ उमटते आणि व्यापारी माल परत करतो. मी पन्नास वर्षं घरं भरली, एक सोडलं नाही. आणि तोंडातली घरं मात्र साठीपर्यंत चुकवत आले.

मिनल, तुझे दात माझ्यासारखे, एकाला एक चिकटलेले. तुला धागाच बरा. पण तो दातांसाठी मिळतो तो, मागावरचा नव्हे. आम्ही विणकर खळ लावलेलं उरलं सूत घ्यायचो आणि करवतीसारखं ओढायचो. तोच तुकडा खिळ्याला टांगून आठ दिवस वापरायचो, कधी कधी तर नवरा-बायको मिळून एकच. खळीचं सूत वाळलं की पात्यासारखं होतं. माझ्या हिरड्यांना खाचा पडल्या त्या त्यानंच. तू हातभर नवा धागा घे, दोन बोटांना गुंडाळ, हळूच आत उतरव, दाताला बिलगून खालीवर कर, मग शेजारच्या दाताला बिलगून. ओढून फटकन घुसवायचा नाही. तुटलेला धागा जोडताना मी तुला सांगायची ना, "जोर नको करू वं, वाट दाखव त्याले." तेच इथं.

कलम २. माझ्या हातचं टसरचं लुगडं काजलला. सोबत तारांखालून जाणारा बारका ब्रश. कोणता, ते डॉक्टरीणबाईंना विचारून घ्यायचं. मैत्रिणी हसतील तर हसू द्यायचं.

कलम ३. चांदीची दातकोरणी. तिच्याच कडीत कानकोरणंही आहे. हिच्यावरून भांडण होणार हे मला माहीत आहे. माझे धाकटे दीर नत्थूजी म्हणतात ही वडिलोपार्जित आहे, त्यांच्याकडे यावी. दुर्गेश म्हणतो पप्पांची आठवण आहे, त्याच्याकडे यावी. दोघांनाही नाही. तुमचे पप्पा जेवले की ओट्यावर बसून हिनं दात कोरायचे, आणि आल्यागेल्याला वाटायचं, घरात मटन शिजलं. कोरून कोरून फटी एवढ्या रुंदावल्या की तांदळाचा दाणा उभा अडकायचा. मग तो काढायला पुन्हा कोरणी. मी ती सराफाकडे दिली आहे. तिची सोनिकासाठी जोडवी होतील. चांदी वाईट नसते, तिला काम कोणतं दिलं ते बघायचं.

कलम ४. नत्थूजी भाऊजींना मी माफ केलं. भरल्या पंगतीत त्यांनी "वहिनीच्या तोंडात सुतळी पाहा गा!" म्हणून सगळ्यांना हसवलं होतं, ते धरून. माफ केलं, पण त्यांचा डोळा असलेली शिसवी खुर्ची देणार नाही. त्यांना आता कवळी आहे. ती रात्री पाण्यात ठेवावी आणि रोज घासावी, एवढा सल्ला मात्र त्यांच्या वाट्याला.

कलम ५. हे कलम कबुलीचं आहे. स्वानंद म्हणाला मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत. मी लिहिते.

पप्पांच्या हिरड्यांतून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा ते घाबरले. मी म्हटलं, "राहू द्या, हातच लावू नका." हळद-मीठ चोळून दिलं. त्यानंतर त्यांनी कोरणी सोडली, घासणंही कमी केलं, आणि मला वाटलं मी वाचवलं. पुढं एकेक दात हलून पडत गेला. शेवटची आठ वर्षं हा माणूस वरणात भाकर कुस्करून जेवला. समोर ठेचा असायचा, तो नुसता वास घ्यायचा. गल्लीच्या टोकाला दातांचा दवाखाना असलेल्या अश्लेषाबाईंनी आत्ता मला समजावलं की फटीत घाण साचते म्हणून हिरडी सुजते, आणि सुजते म्हणून रक्त येतं. हलक्या हातानं रोज साफ केलं तर आठ-पंधरा दिवसांत बहुतेकांचं थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टरला दाखवायचं, घरी बसायचं नाही. म्हणजे जिथं करायला हवं होतं, तिथंच मी हात धरला. माझं प्रेम खरं होतं, अक्कल कमी पडली.

कलम ६. आता दुर्गेश, तुझं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू तो तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन आगपेटीच्या काडीनं दाढ कोरलीस. काडी हिरडीत मोडली आणि तुझा गाल पुरीसारखा फुगला. अश्लेषाबाईंनी काडी काढली आणि सांगितलं, चार दाढा हलताहेत, शुगरमुळं हिरडी लवकर भरत नाही, आणि हिरडी बिघडली की शुगरही आटोक्यात राहत नाही. खर्रा बंद, हिरड्यांची खोलवर सफाई, आणि रोज फटींतून ब्रश फिरवणं. हे झालं तर दाढा टिकण्याची आशा आहे. नाही झालं तर वर्षभरात चारही जातील.

तुझ्यासाठी मी सगळं करून पाहिलं. लाकडी काडी पाहिली, टोक बोथट होतं. पिचकारीवालं यंत्र मागून आणलं, अर्धं पाणी माझ्या पोलक्यात गेलं आणि पालकाचं पान जिथल्या तिथं राहिलं. तुझ्या फटी पप्पांसारख्या रुंद. त्यात धागा नुसता झोके घेतो. तुला बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा तो बारीक ब्रशच हवा, फटीच्या मापाचा. पुढं बारका, दाढांत जाडा. माप बाई ठरवतील. जबरदस्तीनं शिरवायचा नाही.

तो तू तीन दिवस वापरलास आणि फेकलास. फोनवर काय म्हणालास ते जसंच्या तसं लिहिते: "काहून मांगं लागून राहिली वं आई? रक्त येऊन राहिलं, म्हणजे काहीतरी चुकून राहिलं ना! पप्पाचे गेले, माहेही जातीन. लोकं कवळी लावून सावजी मटन खाऊन राहिले."

मी म्हटलं, "अन् तुह्या पप्पानं काय खाल्लं, पाहिलं नाही काय तू?" तू फोन ठेवलास.

म्हणून मी स्वानंदला सांगितलं, लिही: दुर्गेश दात साफ ठेवील तरच घर त्याचं. स्वानंद हसून म्हणाला, "काकू, पोरगा रोज ब्रश फिरवतो की नाही, हे कोर्टानं कसं पाहावं? जजसाहेब काय तोंड उघडायला लावतील?" मी दोन दिवस विचार केला. अट काढली, पण ती कोर्टाच्या भीतीनं नाही. उद्या तू या घरात बसून आरशात दात पाहिलेस तर ते आईच्या धाकानं नको, तुला जेवायचं आहे म्हणून पाहावेस.

तेव्हा तांडापेठेतलं दोन खोल्यांचं घर, ओट्यासह, माझ्यामागे दुर्गेशचं. कोणतीही अट नाही. पोस्टातलं जे असेल ते मिनलचं. माझी भांडी दोघींनी, नणंद-भावजयीनं, मिळून वाटून घ्यावीत.

घर मी मेल्यावर मिळेल. दाढा मात्र मी जिवंत असताना वाचवायच्या आहेत, त्या मृत्युपत्रात ठेवता येत नाहीत. म्हणून पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, २२ तारखेला, सकाळी अकरा वाजता अश्लेषाबाईंकडे तुझा नंबर लावला आहे. मी बाहेर बाकावर बसणार नाही. आत, तुझ्या खुर्चीपाशी बसेन. रक्त आलं तर या वेळी तुला थांबवणार नाही.

याआधी मी असं काही लिहिलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच कायम. प्रत वाडीला आणि भिवापूरला पाठवते आहे.

लिहून देणार: देवकी गिरिधर निनावे (सही माझी, अंगठा नाही)

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळायचं नाही:
१. अॅड. स्वानंद, तांडापेठ
२. डॉ. अश्लेषा, दंतवैद्य. (बाईंनी शुद्धीबद्दल विचारलं, मी दातांबद्दल सांगितलं, त्यांनी सही केली.)

ठिकाण: नागपूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

दुर्गेश, फोनवर तू हो म्हणतोस आणि विसरतोस. म्हणून कागदावर लिहून पाठव, दोन ओळी पुरे. शनिवारी येतोस ना? लवकर लिही बाळा, मी वाट पाहते.