थांडीबाईंचा डोह आणि माझा डबा

सोम. ३ मार्च, साउथहॅम्प्टन
दक्षिण आफ्रिकेतून लॅबमध्ये बाटल्या आल्या, तिथल्या डोहांचं पाणी. आमच्या बॉस थांडीबाई (बाई मनातल्या मनात, तोंडावर नुसतं थांडी) एकेका डोहाची गोष्ट सांगत होत्या. तरुणपणी गुरांच्या तज्ज्ञ म्हणून यांनीच शेतकऱ्यांना सांगितलं, गुरं थेट ओढ्यावर सोडा. काठ तुडवले गेले. तिथले मूळचे मासे, बोटभर, लाल परांचे, त्यांची अंडी गाळाखाली गेली. उरलेले इंग्रजांनी हौसेनं नेऊन सोडलेल्या ट्राउट माशांनी फस्त केले. आता त्याच शेतकऱ्यांच्या दारात जाऊन "माझं चुकलं" म्हणतात. काय बाई आहे!
धबधब्यावरच्या एका डोहाला त्यांच्याकडून कुंपण घालून घेतलंय. ट्राउटला तो धबधबा चढता येत नाही, म्हणून तिथे लाल परवाले उरले असतील, ही आशा.

बुध. ५
पाण्यातल्या डीएनएवरून तिथे कुठला मासा वावरला ते मशीन सांगतं. त्या डोहात ट्राउट! ट्राउट असेल तर लाल परवाले उरलेच नसणार, मग शेतकरी कुंपण काढणार. शुक्रवारी त्यांच्याशी कॉल.
पण तुलनेसाठी ठेवलेल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीतही ट्राउट. लेबलवर हळदीचा ठसा.
माझा. बांगडा मिळाला नाही म्हणून रविवारी ट्राउटचं कालवण केलं, सोमवारी डब्यात नेलं, हातानं जेवले, घाईत बोटं टिश्यूला पुसून तशीच...
अभय म्हणतो, "कशाला सांगतेस? गुपचूप री-टेस्ट कर ना."
नवरा म्हणून ठीक आहे. सल्लागार म्हणून नको.

गुरु. ६
बाईंना सांगून टाकलं. ठसा बघून बाई चक्क हसल्या. "मी अख्खा ओढा घालवला, तू एक बाटली." मग डोळे वटारून, "लॅबजवळ पुन्हा लंच दिसला तर बघ!"
दर डोहाची एक बाटली न उघडता राखून ठेवायची त्यांची सवय. मी त्या सवयीला हसायचे.

शुक्र. ७
कॉलवर त्या म्हणाल्या, "आमच्याकडून चूक झाली." आमच्याकडून! माझं नाव नाही. डोळे भरून आले.
पलीकडून एक म्हातारा शेतकरी: "ओके, मंडेपर्यंत थांबतो. तेव्हाही ट्राउटच निघाला तर कुंपण काढणार."

सोम. १०
त्या डोहाची राखलेली बाटली मशीनला लावली. मी हात तीनदा धुतले.
"रिझल्ट काहीही येवो, ते कालवण मला हवंय," इति थांडीबाई. हसताहेत, पण पेनचं टोपण चावताहेत.
आज डब्यात वरण-भात. कँटीनमध्ये, चमच्यानं.
अजून दहा मिनिटं. देवा, लाल परवाला एक तरी निघू दे. बाईंसाठी.