द्वारपालिणीची क्षमता: साडेबारा टन (साखळी धरलेली नाही)

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार, पायांवर डोकं ठेवून (तुझे गुडघे दुखतात म्हणून लांबूनच). तब्येत कशी आहे? उजवा खांदा आता कुठवर वर जातो? वहिनी फोनवर म्हणाली की वरच्या फळीवरचा डबा काढायला तू स्टूल घेतोस आणि कोणी विचारलं तर फळीच उंच झाली म्हणतोस. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. तुझी अट लक्षात आहे. तीन वर्षांपूर्वी तुझ्या लेकीने, मुंगीने, पूल बांधणाऱ्या ऑफिसातली पक्की नोकरी सोडली आणि व्हिडिओ गेमच्या कंपनीत, तुझ्या शब्दांत, 'चित्रं हलवायला' गेली. तेव्हापासून पत्रात, फोनवर किंवा जेवताना पोरीचा विषय निघाला की तू उठून जातोस. म्हणून या पत्रात तिचा विषय नाही. नाव वर एकदा आलं ते शेवटचं. पत्र खाली ठेवू नकोस.

लिहायचं कारण असं की तीस वर्षं नोकरीत डाग लागू न देता काढल्यावर मला मेमो मिळाला. अस्तित्वात नसलेल्या एका बाईला कार्यशाळेचं शिक्का मारलेलं प्रमाणपत्र दिल्याबद्दल. वहिनीला हे वाक्य वाचून दाखवणार असशील तर पुढचंही लगेच वाच, नाहीतर ती आमच्या हिला फोन लावेल.

आमचं काम तुला ठाऊक आहे. क्रेनचे हूक, साखळ्या, तारेचे दोर यंत्रात अडकवायचे, तुटेपर्यंत ताणायचे आणि कितव्या टनाला तुटले ते लिहून द्यायचं. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही (कोणाच्या घरी नवीन खुर्ची दिसली की मी आधी तिच्यावर दोनदा आदळून बघतो, म्हणून हिला माझ्याबरोबर कुठे जायची लाज वाटते). तर जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर दोन पक्ष पडले आहेत. एक पैलवान, म्हणजे आमचा यंत्रचालक (वजन अठ्ठेचाळीस किलो, डब्यासकट). दुसऱ्या स्टोअरकीपर बाई, ज्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे सुतळीचा तोडा मिळत नाही. दोघंही फोनवर एकच गेम खेळतात. त्यात एक काळा वेताळ आहे, तो आग ओकतो आणि त्याची ताकद नव्याण्णव लिहिलेली आहे. आणि एक द्वारपालीण आहे, साधी, रुंद हाडाची, ताकद चाळीस. बाई वेताळाच्या बाजूने, पैलवान द्वारपालिणीच्या. वाद महिनाभर चालला होता आणि मी त्यात पडणार नव्हतो, पण एकदा न राहवून विचारलं की नव्याण्णव काय? किलो, टन, की नुसत्याच गप्पा? दोघं फोन उलटसुलट करून एकक शोधायला लागले. दादा, ज्या आकड्यापुढे एकक नाही तो आकडा आमच्या धंद्यात शिवी समजतात. तेव्हा ठरलं की मोजायचं.

वेताळ झटकन उरकला. त्याने फेकलेला सगळ्यात मोठा धोंडा भरला साडेतीनशे किलो, बाकी सगळा धूर. बाईंनी दुसऱ्या दिवशी तो बुरूज पाडतो तो प्रसंग आणला. मी दाखवून दिलं की त्या बुरुजाच्या दगडांमध्ये चुना-माती काहीच नाही, शिंक आली असती तरी पडला असता. त्यानंतर आठवडाभर मला स्टोअरमधून हातमोजे मिळाले नाहीत (म्हणजे मिळाले, पण दोन्ही डाव्या हाताचे).

मग द्वारपालीण. तिच्या नगरावर संकट येतं, वेशीचा दगडी दरवाजा साखळी तुटून वरून खाली यायला लागतो, आणि लोक अजून आतच असतात. ही त्याच्याखाली खांदा देते. पायरीच्या उंचीवरून आम्ही दरवाजाचं माप काढलं: चार मीटर उंच, तीन मीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर जाड. दगडाचं वजन धरून आकडा आला साडेबारा टन. मी तीनदा केला. तिसऱ्यांदाही तोच आल्यावर पैलवान खुर्चीतून उठून उभा राहिला, आणि खरं सांगतो, मलाही बसवेना.

पण आकड्याने नाही, दादा, मला द्वारपालिणीच्या उचलण्याने गप्प केलं. मी टिंगल करायला बसलो होतो. वजन उचलण्याची चित्रं आपण पुष्कळ बघतो. माणूस दात-ओठ खातो आणि वस्तू पुठ्ठ्याची असल्यासारखी वर जाते. इथे तसं नव्हतं. आधी खाचेतली धूळ भुरभुरते. मग तिचा खांदा खाली बसतो. मग टाच मातीत बोटभर रुतते. मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि त्या काहीच न होण्याने मला घाम फुटला, कारण खरं वजन तसंच असतं. ते आधी माणसाला जोखतं आणि मग हलायचं की नाही ते ठरवतं. हे ज्याने काढलं त्याने जड वस्तूखाली गेलेला माणूस जवळून पाहिला असला पाहिजे, एवढं मला त्याच क्षणी कळलं. आणि खांदा देण्याआधी ती त्या दरवाजावर तळहाताने दोनदा थाप मारते आणि म्हणते, "चला मालक, उठा."

माझा घास हातातच राहिला. तू जड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचा मुकादम होतास तेव्हा मी सुट्टीत तुझ्याबरोबर यायचो. वजनाला मालक म्हणणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला आहे (ही फक्त नोंद आहे, कोणाचा विषय काढलेला नाही).

आता मेमो. पैलवानाने आनंदाच्या भरात आमचा छापील फॉर्म भरला. वस्तू: द्वारपालीण, नग एक. भार: साडेबारा टन. तुटली का: नाही. तपासनीस म्हणून मी सही केली, टेबलावर चिकटवायला. तो कागद शिक्केवाल्या काकांच्या गठ्ठ्यात गेला. काका शिक्का मारताना कागद वाचत नाहीत, म्हणूनच त्यांचा एकही शिक्का वाकडा उमटत नाही. तिथून तो हुकांच्या पेटीबरोबर एका ठेकेदाराकडे पोचला. त्याचा फोन आला की हुकांचं प्रमाणपत्र मिळालं नाही आणि या बाई सोमवारी मोकळ्या आहेत का, एक बॉयलर हलवायचा आहे.

मेमो काढून आमच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावलं. मी मान खाली घालून उभा. मॅडम म्हणाल्या, साखळीचं वजन का धरलं नाही? तुटलेली साखळी दरवाजावरच पडली आहे, निदान तीनशे किलो असेल. मग म्हणाल्या, दाखवा. दोनदा बघितलं, दार लावून घेतलं आणि तिसऱ्यांदा बघितलं. मला बसा म्हणाल्या नाहीत, पण स्वतःही उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या की चुकलेलं प्रमाणपत्र रद्द करायचं तर निर्मात्याकडून जाहीर क्षमता मागवावी लागते, नियम म्हणजे नियम.

म्हणून कार्यशाळेच्या कागदावर, जावक क्रमांक घालून, गेमच्या कंपनीला पत्र गेलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. ज्या व्यक्तीने द्वारपालिणीला हलायला शिकवलं तिची खाली सही होती. नाव लिहीत नाही, अट आहे. मजकूर जसाच्या तसा उतरवतो.

"क्षमता आम्ही मोजलेली नाही. मी नऊ वर्षांची असताना डबा घेऊन एका शेडमध्ये गेले होते. पहार निसटली, यंत्र कलंडलं आणि खाली एक कामगार अडकला. एका माणसाने यंत्राखाली खांदा दिला. कामगाराला ओढून काढेपर्यंत तो तसूभरही हलला नाही. त्याहून जास्त ताकद कशी दिसते ते मला माहीत नाही, म्हणून वेताळाला मी नुसता धूर दिला. चाळीस हा आकडा टनांचा नाही. तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं."

दादा, वीस वर्षं तू आम्हाला सांगत आलास की ते सगळं पहारीने केलं, तुझा फक्त हात लागला आणि खांदा पुढे कधीतरी थंडीने धरला. पहार तर निसटली होती. हे मला छप्पन्नाव्या वर्षी ऑफिसच्या टपालातून कळलं. टेबलावर कोणी जेवलं नाही. स्टोअरकीपर बाईंनी पत्र वाचलं, उठून गेल्या आणि माझ्यापुढे हातमोज्यांची जोडी आणून ठेवली. एक डावा, एक उजवा.

वहिनीला नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. – मेमो मिटायला एक सोपस्कार बाकी आहे. दुरुस्त प्रमाणपत्रावर सही होताना निर्माता आणि मूळ नमुना, दोघंही कार्यशाळेत हजर लागतात. निर्माता येत्या शनिवारी सकाळी दहाला येतो आहे. मूळ नमुना तुमच्या घरी आहे (बहुधा स्टुलावर उभा). कृपया पाठवावा.

ता. क. दुसरा – असा कुठलाही नियम नाही. मेमोही मॅडमनी परवाच फाडला. तरी ये. खांद्याचं निमित्त चालणार नाही, काही उचलायचं नाही. पोर फोनवर म्हणाली की तू समोर दिसलास तर दारातच तिचे पाय जड होतील, पुढे यायचं धाडस होणार नाही. तसं झालंच तर जवळ जा, पाठीवर दोनदा थाप मार आणि तुझं ते वाक्य म्हण.